कर्ता हरवलेली वाक्यं

आपल्या वर्गात पाटील किती आहेत ते मोजा. आता त्यातले ‘एस. पाटील’ मोजा. सचिन, संदीप, स्वाती, सुप्रिया... हजेरीपटावर सगळेच ‘पाटील एस.’! सरांनी नाव पुकारलं की मागच्या बाकांवरून तिघं एकदम ‘प्रेझेंट’ ओरडतात आणि चौथा कँटीनमध्ये बसूनही हजर लागतो. तरीसुद्धा परीक्षेत सचिनचे मार्क सुप्रियाला जात नाहीत. कारण उत्तरपत्रिकेवर नाव नसतंच, सीट नंबर असतो.

‘कॉलेजने आम्हाला माणसाचे नंबर करून टाकलं’ अशी तक्रार आपण फर्स्ट इयरपासून करत असतो. मी मात्र आज नंबरच्या बाजूने बोलणार आहे. कारण एक क्षेत्र असं आहे की जिथे हजारो माणसांना नंबर मिळालाच नाही, नुसतं नाव मिळालं, आणि त्यामुळेच ती माणसं हरवली. ते क्षेत्र म्हणजे जैवविविधतेचा डेटा. ‘हा बॉटनीवाल्यांचा विषय, आपला काय संबंध?’ असं म्हणून पान उलटू नका. हा प्रश्न झाडांचा नाहीच. तो डेटाबेसमधल्या एका कॉलमचा आहे, आणि डेटाबेस तर आपल्याच पोटापाण्याचा विषय!

आधी थोडी पार्श्वभूमी. वनस्पतीचा नमुना गोळा केला की तो दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवतात. कागदाच्या कोपऱ्यात एक लेबल असतं : झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं, कुणी ओळखलं. असे नमुने जिथे जपून ठेवतात ते हर्बेरियम. पक्षी, कीटक, शंखशिंपले यांचंही असंच, फक्त कागदाऐवजी खण, पेट्या आणि बाटल्या. गेल्या काही दशकांत ही लेबलं कॉम्प्युटरवर चढू लागली. कोपनहेगनला मुख्यालय असलेली जीबीआयएफ ही संस्था २००१ मध्ये सुरू झाली. जगभरातल्या संस्थांच्या नोंदी तिथे एकत्र शोधता येतात आणि त्यांची संख्या दोनशे कोटींच्या वर गेली आहे. जुन्या नमुन्यांबरोबर आजच्या हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदीही त्यात आल्या. आता इतक्या संस्थांचा डेटा एकत्र यायचा म्हणजे कॉलमची नावं सारखी हवीत. त्यासाठी ‘डार्विन कोअर’ नावाचं प्रमाण आहे. त्याला २००९ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

आता गंमत बघा. या डार्विन कोअरमध्ये नमुन्याला आयडी देता येत होता, प्रजातीला देता येत होता, ठिकाणालाही देता येत होता. माणसांसाठी मात्र ‘रेकॉर्डेड बाय’ म्हणजे नोंद कुणी केली, आणि ‘आयडेंटिफाइड बाय’ म्हणजे ओळख कुणी पटवली, असे दोन रकाने. आणि त्यात भरायचा तो नुसता मजकूर. माणसाच्या आयडीचे रकाने प्रमाणात आले ते थेट २०२० मध्ये! डोंगराला नंबर, बेडकाला नंबर, पण डोंगर चढून बेडूक शोधणाऱ्याला नाही.

‘मजकुराने काय बिघडतं?’ असं कुणी विचारेल. बरंच बिघडतं. पक्षीतज्ज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं पूर्ण नाव सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली. म्हणजे तीन ठिकाणच्या तीन क्लार्कनी टाइप केलं, तर ते ‘सालिम अली’, ‘अली, एस.’ आणि ‘एस. एम. अब्दुल अली’ अशी तीन माणसं होतात. त्यात त्यांचे नातलग हुमायून अब्दुलअली हेसुद्धा मुंबईच्या बीएनएचएसमधले नावाजलेले पक्षीतज्ज्ञ. एखादी स्पेस इकडची तिकडे झाली, इनिशियल गळलं, की कोणता अली कुणाच्या खात्यात जाईल याचा भरवसा नाही.

दुसरं उदाहरण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल (१८९७–१९८४) यांचं. गुणसूत्रांवरचं त्यांचं काम जगप्रसिद्ध आहे. ‘अम्मल’ हे त्यांचं आडनाव नव्हे. तो आदराने लावायचा शब्द, आपल्याकडच्या ‘बाई’सारखा. पण ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असे दोनच डबे ठाऊक असलेलं सॉफ्टवेअर त्यांना बेधडक ‘अम्मल, जे.’ करून टाकतं. आणि आपल्या मराठी घरांत काय होतं? लग्नाआधी जोशी म्हणून गवतांवर काम करणारी मुलगी लग्नानंतर देशमुख झाली की कॉम्प्युटरच्या लेखी जोशी गायब आणि देशमुख नव्यानेच उगवलेली! दहा वर्षांची मेहनत एका अर्जाच्या सहीत दोन तुकडे होऊन पडते.

‘एसक्यूएलमध्ये लाइक टाकून शोधू की!’ असं आपल्यातला कोणीतरी म्हणणारच. टाका. ‘पाटील’ लाइक टाकलं की सगळे पाटील येतील आणि ज्याने आपलं नाव इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगने लिहिलं तो नेमका येणार नाही. म्हणजे दोन्हीकडून मार. एका माणसाची पाच माणसं होतात, नाहीतर पाच माणसांचं एकच गाठोडं होतं. डीबीएमएसच्या पहिल्या युनिटलाच आपल्याला शिकवतात की नाव ही प्रायमरी की करू नका. मग शास्त्राच्या एवढ्या मोठ्या डेटात ते चाललं कसं?

पण नुसत्या गोंधळापेक्षा खोल असं एक कारण आहे, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे. तो समजायला लिंक्ड डेटाचं थोडं व्याकरण लागेल. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे नियम मांडले. कल्पना साधी आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीला वेबवरचा एक पत्ता द्या आणि गोष्टींमधले संबंध छोट्या छोट्या वाक्यांत सांगा. अशा वाक्याला ट्रिपल म्हणतात. त्यात तीन जागा असतात : आधी कर्ता, मग संबंध, मग कर्म. उदाहरणार्थ, ‘हा नमुना – गोळा करणारा – डाल्झेल’. तिसऱ्या जागी दोन प्रकारच्या गोष्टी चालतात. एक तर पत्ता, नाहीतर नुसता मजकूर. या मजकुराला ‘लिटरल’ म्हणतात. पहिल्या जागी मात्र लिटरल चालत नाही. आरडीएफचा तसा नियमच आहे.

याचा अर्थ लक्षात घ्या. डाल्झेल हा नुसता मजकूर असेल तर त्याच्यावर वाक्य संपवता येतं, पण त्याच्यापासून वाक्य सुरू करता येत नाही. डाल्झेल मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होता, हे सांगता येत नाही. त्याने आणखी कुठे कुठे नमुने गोळा केले, तो कुणाबरोबर हिंडला, काही काही सांगता येत नाही. वाट तिथेच संपते. भिंतच! आणि याच जागी त्याचा पत्ता असेल तर तिथून दहा वाटा फुटतात. म्हणजे जो माणूस प्रत्यक्षात कर्ता होता, उन्हातान्हात हिंडला, काट्याकुट्यातून गेला, त्याला मजकूर करून ठेवलं की डेटाच्या व्याकरणात तो कधीच कर्ता होऊ शकत नाही. तो कायमचा कुणाच्या तरी वाक्याच्या शेपटाला.

आता आपल्या मातीतलं उदाहरण देतो, आणि तेही एका इंजिनियरच्या पुस्तकातलं. थिओडोर कुक हे पेशाने इंजिनियर. पुण्याच्या ज्या कॉलेजला आज आपण सीओईपी म्हणतो, त्याचे ते प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आजही सह्याद्रीत काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ तो उघडल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात प्रत्येक वनस्पतीखाली ती कुठे, कुणी गोळा केली याची यादी आहे. कित्येक नावांपुढे उद्गारचिन्ह दिसतं. ते आश्चर्याचं नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ ‘हा नमुना मी स्वतः पाहिला आहे’ असा होतो. स्टॉक्स, लॉ, वुड्रो अशी साहेबांची आडनावं या याद्यांत भेटतात. मधेच कानिटकर भेटतात. आणि भेटतो भिवा.

नुसता भिवा. हे काही आडनाव नव्हे, हाक मारायचं नाव आहे. साहेब आडनावाने, कानिटकर आडनावाने, भिवा मात्र भिवाच. बापाचं नाव नाही, गाव नाही. तरीही त्याने आणलेल्या नमुन्यापुढे कुकसाहेबांचं उद्गारचिन्ह आहे, म्हणजे तो पुरावा म्हणून तोलामोलाचा होता! आता ही यादी कॉम्प्युटरवर चढवताना ‘रेकॉर्डेड बाय’ मध्ये चार अक्षरं टाइप करून मोकळं व्हायचं, की त्याला एक पत्ता द्यायचा? चार अक्षरं टाकली तर तो कायमचा भिंतीआड गेला. पत्ता दिला तर त्याचे सगळे नमुने एका जागी येतील, तारखा आणि ठिकाणं एकाखाली एक लागतील, आणि तो कोणत्या वर्षांत, कोणत्या पट्ट्यात हिंडत होता हे निदान दिसू तरी लागेल. कागदावर दुसरं काही उरलेलं नसताना हाच त्याचा बायोडेटा!

कुणी म्हणेल, त्या काळी आयडी वगैरे कल्पनाच नव्हती. साफ चूक! वनस्पतींना शास्त्रीय नाव देणाऱ्यांसाठी ती केव्हापासून होती. लिनियसला तर एकच अक्षर, ‘एल.’. विल्यम हुकर यांचं ‘हुक.’ आणि त्यांचे चिरंजीव जोसेफ हुकर यांचं ‘हुक. एफ.’, का तर बाप-लेकांत घोटाळा नको. १९९२ मध्ये ब्रुमिट आणि पॉवेल यांनी अशा संक्षेपांचं एक जाडजूड पुस्तकच काढलं, म्हणजे दोन माणसांना एकच संक्षेप जाऊ नये. हे दुसरं काय आहे? आयडीच की! म्हणजे नाव देणाऱ्याची ओळख एकमेव असली पाहिजे हे शास्त्राला पटलं होतं. नमुना तोडून आणणाऱ्याच्या बाबतीत ते कुणाला सुचलं नाही. जुन्नर परिसरातल्या कड्यांवर वाढणारी आपली शिंदळ माकुडी घ्या. १८६० च्या दशकात डाल्झेलने तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. नावात गव्हर्नर, नावापुढे डाल्झेल. पाठीवर पेटी घेऊन कडा चढणाऱ्या गड्याला जागाच ठेवलेली नाही.

आज साधनं आहेत. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टी सुरू झाल्या. एक ‘ऑर्किड’. फुलाशी त्याचा संबंध नाही. हा संशोधकांनी स्वतःहून घ्यायचा, फुकट मिळणारा सोळा अंकी नंबर. शेवटचा अंक चेक डिजिट असतो, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला तरी पकडला जातो. दुसरी ‘विकिडेटा’, जिथे हयात नसलेल्या माणसांसकट कशालाही एक क्यू-नंबर मिळू शकतो. डेव्हिड शॉर्टहाउस या कॅनेडियन गृहस्थांनी या दोन्हींचा आधार घेऊन ‘बायोनोमिया’ उभं केलं. जिवंत माणसाला ऑर्किडने, दिवंगताला विकिडेटाने ओळखायचं आणि जीबीआयएफमधले नमुने त्यांच्या नावावर जोडायचे. जोडणी स्वयंसेवक करतात. आपण गोळा केलेला नमुना पुढे कोणत्या शोधनिबंधात वापरला गेला, हेही माणसाला कळू शकतं. आयुष्यभर लेबलं लिहिलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याला काय वाटत असेल, कल्पना करा.

फायदा फक्त कौतुकाचा नाही. माणूस ओळखला की डेटातल्या चुका सापडतात. गोळा करणाऱ्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी त्याने गोळा केलेला नमुना? तारीख चुकली असणार, नाहीतर माणूस. सकाळी महाबळेश्वर आणि त्याच संध्याकाळी दार्जिलिंग? १८९० साली? अशक्य! हे सगळं एका साध्या क्वेरीत पकडता येतं. पण माणूस पत्ता असेल तरच.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा लेख नव्हे, जाहिरात होईल.

पहिला आक्षेप : चुकीची जोडणी ही जोडणी नसण्यापेक्षा वाईट. हे शंभर टक्के खरं आहे. ‘एस. पाटील’ हा मजकूर निदान प्रामाणिक तरी आहे. तो म्हणतो, ‘लेबलवर एवढंच आहे.’ उत्साहाच्या भरात आपण त्याला भलत्याच पाटलाचा नंबर लावला तर ती चूक डेटाबरोबर जगभर पसरते, आणि नंबर लावलेला असल्यामुळे तिच्यावर विश्वासही जास्त बसतो. यावर उपाय म्हणजे मजकूर पुसायचाच नाही. लेबलवर जसं आहे तसं, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट, ठेवायचं. नंबर त्याच्या शेजारी येईल, त्याच्या जागी नाही. डार्विन कोअरसाठी २०१५ मध्ये आरडीएफची जी मार्गदर्शिका आली, तिनेही मजकुरासाठी एक संज्ञा आणि पत्त्यासाठी दुसरी अशी सोय केलेली आहे. मजकूर हा पुरावा आणि नंबर हा निष्कर्ष. पुरावा जाळून निष्कर्ष ठेवणारा न्यायाधीश आपल्याला चालेल का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : खाजगीपणा. एकाच नंबरखाली सगळ्या नोंदी आल्या की तो माणूस कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या तळ्याकाठी होता याचा नकाशाच तयार होतो. रोज पहाटे एकटी पक्षी बघायला जाणारी मुलगी असेल तर ही गंमत राहत नाही. म्हणून जिवंत माणसाच्या बाबतीत एकच नियम हवा : नंबर त्याने स्वतः घ्यायचा, आपण चिकटवायचा नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याच्याही मुळाशी संमती हीच गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अस्वस्थ करतो. ऑर्किड घेणार कोण? ज्याच्याकडे ईमेल आहे, इंग्रजी आहे, संस्था आहे तो. फॉरेस्ट गार्ड, कातकरी वाटाड्या, गावातली वैदू बाई यांचं काय? म्हणजे नंबर आले तरी पुन्हा साहेबांनाच आले, आणि भिवा आपला मजकूरच राहिला, असं नाही का होणार?

होऊ शकतं. आणि त्यात नुसता मान नाही, पैसाही बुडतो. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात गेलेल्या शास्त्रज्ञांच्या तुकडीला काणी जमातीच्या वाटाड्यांनी ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची फळं दाखवली. ती खाल्ली की थकवा जातो. त्यातून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं, १९९५ मध्ये त्याच्या उत्पादनाचा परवाना एका कंपनीला दिला गेला, आणि मिळणाऱ्या पैशांतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. हे होऊ शकलं, कारण माहिती कुणी दिली हे ठाऊक होतं. वहीत ‘स्थानिक लोकांकडून समजले’ एवढंच लिहिलेलं असतं, तर वाटा कुणाला देणार होते? २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली आपल्या गावोगावीही लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. त्यातल्या जाणकारांची नावं कशी ठेवली जातात, यावर उद्या कुणाचा तरी हक्क अवलंबून असणार आहे. इथे नंबर सगळ्या जगाला दिसलाच पाहिजे असं नाही. तो गावाच्या समितीकडे बंद राहू दे, पण असू दे. माणूस लपवणं वेगळं आणि माणूस हरवणं वेगळं.

मग आपण काय करायचं? आपल्यातले कितीतरी जण फायनल इयरला कॅम्पसमधल्या झाडांची यादी, पक्ष्यांचं ॲप, कुठल्या तरी संस्थेचा डेटाबेस असले प्रोजेक्ट घेतात. त्यात ‘कलेक्टर नेम’ असा पन्नास अक्षरांचा एक कॉलम टाकून सबमिशन उरकू नका. माणसांचं वेगळं टेबल करा. आणि नमुन्याच्या नोंदीत तीन गोष्टी ठेवा : लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, माणसाचा आयडी, आणि ही जोडणी कुणी, कधी, कशाच्या आधारावर केली ते. ‘आणि मंडळी’ असं लिहिलेलं असेल तर मंडळींतल्या प्रत्येकाचं नाव विचारून घ्या. ऑर्किड नसलेल्या माणसाला स्वतःच्या डेटाबेसचा नंबर द्या. नाव कळलं नाही तरी ‘इथे एक माणूस होता’ एवढं सांगणारी बिननावाची गाठ आरडीएफमध्ये ठेवता येते. एक्स्टर्नलला व्हायवात हे समजावून सांगताना पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत!

नंबर माणसाला छोटं करतो, ही आपली समजूत. पण एखाद्याविषयी काहीच बोलता येऊ नये, याहून त्याला छोटं करणं ते कोणतं? भिवाला एक पत्ता द्या. त्याच्यापासून सुरू होणारं पहिलं वाक्य शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकात तयार पडलं आहे : भिवाने नमुना आणला आणि तो पाहिला गेला. पुढची वाक्यं लिहायला जागा ठेवणं एवढंच आपलं काम आहे, आणि ती जागा म्हणजे एक कॉलम.